जोडपेटीची कबुली

मित्रांनो, रुमीपाम्बा गावच्या सभेच्या खोलीत खिडकीखाली एक बाक आहे. त्या बाकावर करड्या पत्र्याची, एका कोपऱ्याला चेपलेली पेटी दिसेल. ती मी. मी आता जुनी झाले आहे. संगणकाला बाहेरून जोडायची पेटी, म्हणून इथले लोक मला नुसतं 'जोडपेटी' म्हणतात. मोठेपणा सांगण्यासारखं माझ्या आयुष्यात फार थोडं आहे. जे सांगायचं आहे ते सांगताना मला लाज वाटते. तरी ऐका.

माझ्या तरुणपणीचे संगणक टेबलावर मांडायचे असत, चांगले धिप्पाड. त्यांच्या पोटात खाचा असत. एकेका खाचेत एकेक कार्ड बसवलं, की संगणकाला एकेक नवं काम यायचं. एका कार्डानं पडद्यावर चित्र उमटायचं, एकानं आवाज यायचा, एकानं टेलिफोनची तार जोडता यायची. पण खाचा मोजक्या. त्या भरल्या, की संगणकाचं पोट भरलं. मग आणखी कार्डं बसवायची कुठं? त्यासाठी आमचा जन्म झाला. संगणकाच्या शेवटच्या रिकाम्या खाचेत एक पातळ कार्ड बसवायचं, त्याच्या पाठीतून मनगटाएवढी जाड केबल काढायची आणि ती माझ्यात आणून जोडायची. माझ्या पोटात सात खाचा आहेत. म्हणजे एक खाच देऊन संगणकाला सात मिळायच्या. घराला पडवी काढतात ना, तशी मी संगणकाची पडवी.

उत्तरेकडच्या एका देशात, एका लहानशा कारखान्यात मला बनवलं. जिनं माझा सांगाडा जुळवला, त्या बाईनं शेवटी माझ्या पाठीतला पंखा बोटानं फिरवून पाहिला. कार्डं काम करताना तापतात, म्हणून तो पंखा. त्याच्या शेजारी तिनं एक चिमुकला भोंगा बसवला. पंखा अडला की भोंग्यानं ओरडायचं. पुढच्या अंगाला एक हिरवा दिवा लावला. त्या दिव्याकडे लक्ष असू द्या, मित्रांनो. मला वीज मिळते आहे, एवढंच तो सांगतो. मी काम करते आहे की नाही, हे त्याला ठाऊक नसतं.

जहाजातून मी ग्वायाकिलच्या बंदरात उतरले आणि तांदळाच्या पोत्यांबरोबर ट्रकमधून डोंगरात चढले. रुमीपाम्बाच्या वरच्या अंगाला दोन खोल्यांचं एक निरीक्षण केंद्र होतं. समोर ज्वालामुखी. त्याला सगळे 'मामा याना' म्हणायचे. इकडे आईला मामा म्हणतात, तेव्हा तुमचा मामा डोळ्यांसमोर आणू नका. ही आई रागीट होती. वर्षातून दोनदा राख उडवायची. त्या राखेवर वर शिखरापाशी पाऊस पडला, की चिखल, दगड आणि झाडांचा लोंढा दरीतून खाली यायचा. दरीवर एक पूल होता आणि गुरुवारी बाजाराला जाणारे सगळे त्याच पुलावरून जायचे.

मला जोडायला राजधानीतून बाल्सेकासाहेब आले होते. केंद्राची रोजची जबाबदारी सोइला काइसा या तरुण इंजिनीअर बाईंकडे होती. साहेबांनी आधी संगणक सुरू केला, मग माझं बटण दाबलं. पडद्यावर माझा पत्ता नव्हता. पुन्हा तसंच केलं, पुन्हा तेच.

"खराब माल पाठवलाय मेल्यांनी!" साहेब म्हणाले.

"साहेब, आधी हिला उठवून बघू या का?" सोइला म्हणाली. "संगणक जागा होतो तेव्हा एकदाच घरातली माणसं मोजतो. तेव्हा ही झोपलेली असली, की त्याच्या लेखी ती घरात नाहीच. मागून उठून कितीही हाका मारल्या तरी तो ओळख देणार नाही."

"हे कुठं लिहिलंय?"

"पुस्तकात. चौथ्या पानावर."

साहेबांनी पुस्तकाकडे पाहिलं नाही, पण बटणं मात्र तिनं सांगितलेल्या क्रमानं दाबली. पडद्यावर माझ्या सातही खाचा झळकल्या. तेव्हापासून नियम ठरला. उठवताना आधी मला, मग संगणकाला. निजवताना आधी संगणकाला, मग मला. आणि दोघं जागे असताना केबलला हात लावायचा नाही.

डोंगराच्या उतारावर पाच ठिकाणी जमिनीत कान पुरून ठेवावेत तशी पाच यंत्रं पुरली होती. जमीन थरथरली की ती कळवायची, आणि ती थरथर माझ्या कार्डांपर्यंत यायची. माझी कार्डं तिचे आकडे करायची, आकडे केबलमधून संगणकाकडे जायचे आणि पडद्यावर पाच रेषा चालू लागायच्या. दरीत सगळ्यांत वर पुरलेल्या यंत्राला लोंढा कळला, की तो पुलापर्यंत यायला पंचवीस मिनिटं लागायची. पंचवीस मिनिटांत पुष्कळ माणसं वर चढतात. त्या पंचवीस मिनिटांसाठी मला इथं आणलं होतं.

माझ्याखेरीज डोंगराला आणखी राखणदार होते. आसपासच्या वस्त्यांवरचे दहा-बारा शेतकरी. प्रत्येकाजवळ हातात मावणारा रेडिओ. रोज सकाळी दहाला सोइला सगळ्यांची हजेरी घ्यायची आणि ते आपापल्या अंगणातून डोंगर कसा दिसतो ते सांगायचे. त्यांच्यात मेल्चोर तोआपांता म्हणून एक साठीचा शेतकरी होता. दरीच्या काठावर त्याचं बटाट्यांचं शेत आणि दोन गाई. सोइला त्याला मानानं 'ताइता' म्हणायची, म्हणजे बाबा.

एकदा तो बायकोला घेऊन केंद्रावर आला. रुमालात उकडलेले बटाटे बांधून आणले होते. पडद्यापुढे उभा राहून म्हणाला, "हे काय, इंजिनीअरबाई? कोंबडीनं पाय घासलेत जणू."

"ही याना आईची नाडी आहे, ताइता."

"आता तर ती निजलीये. मग ही हलते कशाला?"

"निजलेल्या माणसाची नाडी थांबते का? वारा आला तरी हलते, तुमच्या गाई चालल्या तरी हलते."

"म्हणजे ही कधी गप्प नसतेच," मेल्चोर म्हणाला. "आमच्या पेत्रोनासारखी."

"ऐकलं हं मी!" मागून पेत्रोना म्हणाली. "घरी चला, मग दाखवते गप्प कशी असते ती."

सगळे हसले. जाताना मेल्चोरनं माझ्या पाठीवर थाप मारली. "ही लहान पेटी एवढ्या डोंगराचं ऐकते. शहाणी आहे!"

मला ते फार आवडलं. स्तुतीची सवय मला तिथूनच लागली असावी.

पहिली चार वर्षं मी नीट काम केलं. दोन लोंढे आले. दोन्ही वेळा पडद्यावरची वरची रेषा पिसाटासारखी नाचली, सोइलानं रेडिओवरून इशारा दिला आणि पूल वेळेत रिकामा झाला. वर्तमानपत्रात संगणकाचा फोटो आला. त्यात माझा अर्धा कोपराही होता.

पण राख वाईट, मित्रांनो. ती पिठासारखी असते, दारं लावली तरी आत येते. माझ्या पंख्याच्या पात्यांवर ती थरावर थर बसायची. पंखा मंदावला की माझा भोंगा ओरडायचा, चिर्रर्र, चिर्रर्र. मग सोइला राखणदारांना सांगायची, "अर्धा तास मला दिसणार नाही, तुम्ही डोळे उघडे ठेवा." आधी संगणकाला निजवायची, मग मला. माझं झाकण काढून रंगाच्या ब्रशनं राख झाडायची आणि पुन्हा आम्हाला क्रमानं उठवायची.

बाल्सेकासाहेबांना हे खपत नसे. केंद्र अर्धा तास बंद राहिलं, की राजधानीला तसं कळवावं लागे. "ही पेटी आहे का कुरकुरी म्हातारी?" ते म्हणायचे. मग बाकीचेही मला 'कुरकुरी' म्हणू लागले. मला ते नाव टोचायचं.

पाचव्या वर्षी राजधानीतून बडे पाहुणे केंद्र बघायला येणार होते. साहेब आदल्या दिवसापासून मुक्कामाला होते. भिंतींना रंग दिला, पडद्यासमोर फुलं ठेवली. पाहुण्यांच्या गाड्या चढावावर दिसल्या आणि नेमका तेव्हाच माझा भोंगा वाजायला लागला.

"तोंड बंद करा तिचं!" साहेब म्हणाले.

"पंखा अडलाय, साहेब. अर्धा तास द्या, झाडून घेते."

"अर्धा तास? ते फाटकात आलेत! त्यांना काय काळा पडदा दाखवू? भोंग्याची वायर काढा. दोन तासांचा प्रश्न आहे."

"पण नंतर..."

"नंतर लावा की. मी नाही म्हटलंय का?"

भोंग्याची वायर झाकणाच्या फटीतून हाताला लागायची. सोइलानं बोट घालून ती उपसली आणि तिच्या टोकाला चिकटपट्टी गुंडाळली. मी गप्प झाले. पाहुणे आले, रेषा बघून 'वा' म्हणाले. त्यांतल्या एका बाईंनी माझ्याकडे बोट दाखवून विचारलं, "आणि ही पेटी?" साहेब म्हणाले, "ही आमची सर्वांत भरवशाची साथीदार. कधी तक्रार नाही."

आता खरं सांगते. मला तेव्हा बरं वाटलं. आत पंखा घरघरत होता, कार्डं तापत होती, आणि मी मात्र खूश होते, की आता मला कुणी कुरकुरी म्हणणार नाही. वायर काढणारा हात सोइलाचा होता, हुकूम साहेबांचा होता. आनंद माझा होता.

ती वायर परत लावली गेली नाही. उपसताना सोपी होती, पण बसवायची तर झाकण उघडायला हवं, म्हणजे आम्हाला निजवायला हवं. सोइलानं परवानगीसाठी चिठ्ठी पाठवली. उत्तर आलं, या महिन्यात नको. मग डोंगर जागा झाला. तिनं दुसरी चिठ्ठी पाठवली. साहेब रेडिओवरूनच ओरडले, "डोंगर धुमसतोय आणि तुम्ही यंत्र बंद करता? दिवा लागलाय ना?"

"लागलाय."

"हिरवा?"

"हिरवा."

"मग झालं तर."

तिसरी चिठ्ठी तिनं लिहिली आणि टेबलाच्या खणात ठेवून दिली. ती पाठवली नाही.

त्यानंतर तीन दिवस याना सारखी थरथरत होती. सोइला खुर्चीतून हलली नव्हती. तिचे डोळे लाल झाले होते आणि ती सातूचं पीठ दुधात कालवून तेवढ्यावर दिवस काढत होती. गुरुवार उजाडला. वर शिखरावर ढग दाटले होते. दहाला वीस मिनिटं कमी असताना माझा पंखा थांबला.

कसं सांगू तुम्हाला? अंग भाजत होतं. एकेक कार्ड मुकं होत गेलं. ओरडायला भोंगा नव्हता. केबलमधून आकडे जायचे थांबले. आणि संगणकाची एक खोड होती. माझ्याकडून नवा आकडा आला नाही, की तो शेवटचा आकडाच पुन्हा पुन्हा लिहायचा. पडद्यावरच्या पाचही रेषा थरथरायच्या थांबल्या आणि सरळ चालू लागल्या. माझा हिरवा दिवा छान तेवत होता.

सोइलानं मान वर करून पाहिलं. तिचा चेहरा सैल झाला. तिनं छातीवर क्रूस काढला. मी गप्प बसले होते, आणि तिला वाटलं डोंगर गप्प झाला.

दहाला तिनं रेडिओ उचलला. "सगळ्या राखणदारांना केंद्राचा नमस्कार. तीन दिवसांनी आज रेषा सरळ आहेत. याना शांत आहे. बाजाराला जायला हरकत नाही."

"ऐकलं," एकजण म्हणाला. "देव पावला," दुसरा म्हणाला. "निघतोच मग, कांदे सडायला लागलेत," तिसरा म्हणाला.

मग मेल्चोरचा आवाज आला. "इंजिनीअरबाई, सरळ म्हणजे कशा सरळ? कमी थरथरतायत का काठीसारख्या?"

"काठीसारख्या, ताइता."

"पाचही?"

"पाचही."

मग तो म्हणाला, "अहो, माझ्या चुलीवरच्या पातेल्यात वर्तुळं उठतायत. गाई दाव्याला हिसके देतायत. आणि तुमची रेषा काठीसारखी? तुम्हीच सांगितलं होतंत ना, निजली तरी नाडी चालते म्हणून? नाडी काठीसारखी झाली तर माणसाला काय म्हणतात?"

सोइलाची खुर्ची मागे पडली. तिनं माझ्या पाठीला हात लावला आणि चटका बसून मागे घेतला. पंखा हलत नव्हता.

"ताइता!" ती रेडिओत ओरडली. "यंत्र बंद पडलंय! मला काही दिसत नाही! सगळ्यांनी ऐका, दरीपासून लांब व्हा, वर चढा! पुलावर कुणाला जाऊ देऊ नका!"

"कधीपासून बंद आहे?" मेल्चोरनं विचारलं.

"माहीत नाही! ताइता, मला माहीत नाही!"

"मी जातो पुलाकडे," तो म्हणाला. मागून पेत्रोनाचं "अहो, तुम्ही नका!" ऐकू आलं आणि रेडिओ बंद झाला.

मित्रांनो, लोंढा वरून निघाला होता. त्या पंचवीस मिनिटांतली वीस मी खाल्ली होती. पाच उरली होती.

पुलावर काय झालं ते मी नंतर लोकांच्या तोंडून ऐकलं. मेल्चोर काठी उगारत उतारावरून धावत गेला. बाजाराला निघालेली चाळीसएक माणसं पुलाच्या तोंडाशी आली होती. त्यानं त्यांना शिव्या देऊन मागे हाकललं. पण एर्लिंदा नावाची दूध विकणारी बाई आधीच पुलाच्या मध्यावर होती. तिची दोन खेचरं बिथरून अडली होती आणि ती त्यांचे दोर ओढत होती.

"एर्लिंदा, सोड ती!"

"माझं पोट आहे त्यांच्यावर, मेल्चोर!"

"पोट शिल्लक राहिलं तर बघू! सोड म्हणतो ना!"

तो पुलावर गेला, तिचे हात दोरांपासून सोडवले आणि तिला काठाकडे लोटलं. ती वाचली. तोही जवळजवळ काठावर आला होता. लोंढ्याच्या पुढे वाहत आलेलं एक झाड पुलावर आदळलं आणि त्याचा उजवा पाय कठड्यात चिरडला. एर्लिंदानं आणि आणखी दोघांनी त्याला ओढून काढलं. मागोमाग पूल गेला, खेचरं गेली. माणूस एकही गेलं नाही. जिल्ह्याच्या इस्पितळात मेल्चोरचा पाय गुडघ्याखाली कापावा लागला.

महिन्याभरानं केंद्रावर चौकशी झाली. मी टेबलावर होते. तोवर मला थंड करून, दोनदा चालू-बंद करून झालं होतं आणि थंड असताना मी थोडा वेळ चाललेही होते. माझं झाकण कुणी उघडलं नाही. साहेब म्हणाले, "यंत्र चालतंय, तुमच्यासमोर आहे. दिवा त्या दिवशीही लागलेला होता. तीन दिवस न झोपलेल्या बाईनं पडद्यावर काय पाहिलं, देव जाणे."

चौकशीवाल्यांनी सोइलाला विचारलं. ती म्हणाली, "रेषा सरळ होती. मी ती शांत समजले. चूक माझी आहे." एवढंच. भोंग्याबद्दल ती बोलली नाही. वायर तिच्याच हातानं निघाली होती, आणि ते सांगायचं धैर्य तिला झालं नाही. मला तर तोंडच नव्हतं.

तिची नोकरी गेली. जुना संगणक काढून टाकला आणि मला राजधानीतल्या सामानाच्या कोठारात पाठवलं. जाताना माझ्यावर एक चिठ्ठी डकवली, साहेबांच्या सहीची. 'उत्तम स्थितीत.' दोन वर्षं मी अंधारात, फाटक्या खुर्च्यांच्या ढिगात ती चिठ्ठी अंगावर मिरवत बसले होते. तिच्या जागी कुणी 'नालायक' लिहिलं असतं तर मला हलकं वाटलं असतं.

एक दिवस कोठाराच्या दारात कुबडीचा आवाज आला. मेल्चोर होता. बरोबर सोइला होती. ती वाळली होती. आता ती एका शाळेत गणित शिकवत होती, हे मला त्यांच्या बोलण्यातून कळलं.

"काय हवंय?" कोठारवाल्यानं विचारलं.

"एक पेटी बघायचीये," मेल्चोर म्हणाला.

"बघायची? हे काय संग्रहालय आहे का, आजोबा?"

"माझा पाय तिच्याकडे आहे. परत मागत नाही. तोंड तेवढं बघू द्या."

कोठारवाल्यानं त्याच्या कुबडीकडे पाहिलं आणि मला बाहेर काढून एका खोक्यावर ठेवलं.

सोइलानं खिशातून स्क्रू-ड्रायव्हर काढला. झाकण निघालं आणि उजेड माझ्या पोटात पडला. दोन वर्षांपूर्वीची राख पंख्याभोवती चिखलासारखी घट्ट बसली होती. कार्डांच्या कडा भाजून पिवळ्या झाल्या होत्या. आणि एका कोपऱ्यात भोंग्याची वायर, टोकाला चिकटपट्टी गुंडाळलेली. मला वाटलं, जमिनीनं मला पोटात घ्यावं.

"ही काय?" मेल्चोरनं वायरला बोट लावलं.

सोइलानं चिकटपट्टीवरची राख पुसली. मग म्हणाली, "हा तिचा आवाज होता, ताइता. पंखा अडला की ती ओरडायची. पाहुणे येणार होते म्हणून साहेबांनी बंद करायला सांगितलं. काढली मी. या हातानं. परत लावायला तीनदा चिठ्ठी लिहिली, तिसरी पाठवलीच नाही. चौकशीत हे सांगितलं नाही. तुमचा पाय मी..."

ती खाली बसली.

मेल्चोर खोक्याच्या कडेला टेकला. त्यानं तिला लगेच माफ केलं असं मी खोटं सांगणार नाही. "दोन वर्षं," तो म्हणाला. "दोन वर्षं तुम्ही माझ्या घरी साखर आणि साबण घेऊन येताय, पेत्रोनाशी बोलताय, आणि हे पोटात ठेवून?"

"हो."

"मला वाटायचं, बाई दयेनं येते."

"लाजेनं येत होते, ताइता."

तो कुबडीच्या टोकानं जमीन खरवडत राहिला. मग म्हणाला, "मला राग आहे. तो आजच जाईल असं समजू नका. पण एक सांगतो. त्या दिवशी रेडिओवर तुम्ही नुसतं 'सगळं ठीक आहे' म्हणाला असतात, तर मी काहीच विचारलं नसतं. कांदेवाल्यांबरोबर मीही बाजाराला निघालो असतो. तुम्ही म्हणालात रेषा सरळ आहेत. डोळ्यांना दिसलं ते सांगितलंत, म्हणून मला शंका आली. चाळीस माणसं त्या एका शब्दावर जगली. आता हेही तसंच सांगा. गावापुढे. मला एकट्याला सांगून काय उपयोग?"

पुढच्या रविवारी तिनं गावसभेत सगळं सांगितलं. कोठारवाल्याकडून तेवढ्यापुरती मागून आणलेली मी टेबलावर उघडी होते, राखेसकट. काहीजण ओरडले. एर्लिंदा उठून निघून गेली आणि दारातून परत आली. म्हणाली, "मला पळून जायचं नाहीये. सांग, पुढं सांग." गावानं सह्यांचा कागद राजधानीला पाठवला. त्याचं काय झालं? बाल्सेकासाहेब आणखी मोठ्या कचेरीत गेले, असं ऐकलं. कागदाला उत्तर यायला वर्ष लागलं. पण केंद्रावर नवीन यंत्रं आली आणि त्यांच्या भोंग्यांना कुणी हात लावायचा नाही असा लेखी नियम आला. आणि गावानं सोइलाला बोलावून घेतलं, नवे राखणदार तयार करायला. मला भंगारात काढलं होतं, म्हणून तिनं मागितल्यावर लगेच देऊन टाकलं.

आता दर महिन्याला इथं पंधरा-वीस माणसं जमतात. सोइला एका जुन्या संगणकाला मला जोडते, आधी मला उठवते, मग त्याला. दोन धड कार्डं अजून माझ्यात आहेत. पडद्यावर रेषा थरथरते. मग ती त्या कार्डांचं काम थांबवते. रेषा सरळ होते, दिवा हिरवाच राहतो. ती विचारते, "आता सांगा, डोंगर शांत आहे का?" नवीन माणसं 'हो' म्हणतात. मग ती माझी गोष्ट सांगते, स्वतःचं नाव घेऊन. दर महिन्याला मी माझी लाज चारचौघांत ऐकते. त्याची सवय झालेली नाही, आणि होऊ नये असंच मला वाटतं.

मित्रांनो, तुमच्या घरात आणि शाळेत माझ्या जातीची पुष्कळ मुकी यंत्रं असतील. त्यांची धूळ वेळेवर झाडा. एखादं कुरकुरलं, तर त्याचं तोंड बंद करण्याआधी त्याला कुठं दुखतंय ते बघा. माणसांच्या बाबतीतही तसंच करा. आणि तुम्हाला स्वतःला काही दुखत असेल, तर शहाणं म्हणवून घेण्यासाठी गप्प बसू नका. मी बसले होते.

मेल्चोर पहिली दोन वर्षं या वर्गाला आला नाही. गेल्या महिन्यात आला. शेवटच्या बाकावर बसला, सगळं ऐकलं. लोक गेल्यावर कुबडी टेकत माझ्यापाशी आला. मला वाटलं, आता हा मला उचलून खिडकीबाहेर फेकणार. फेकलं असतं तर ते योग्यच होतं. त्यानं अंगावरच्या पोंचोचं, म्हणजे डोक्यातून घालायच्या घोंगडीचं टोक ओलं केलं, माझ्या पाठीशी वाकला आणि पंख्याच्या जाळीवर साचलेली राख पुसू लागला. एका पायावर त्याला नीट उभं राहता येईना, म्हणून त्यानं दुसरा हात माझ्यावरच टेकला. त्याचं सगळं वजन मी अंगावर घेतलं आणि जराही हलले नाही.